टॅलिलिन रेल्वे : स्वयंसेवकांच्या हातची वाफेची गाडी

सप्टेंबरात बाबा दारव्ह्याहून दोन महिन्यांसाठी बर्मिंगहॅमला माझ्याकडे आले, तेव्हा लंडन दाखवण्याच्या आधी मी त्यांना वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाउइन या लहानशा गावी घेऊन गेले. बाबांची कॉलेजची वर्षे दारव्हा ते यवतमाळ या प्रवासात ‘शकुंतला’ या विदर्भातील अरुंद रुळांच्या गाडीच्या डब्यात गेलेली. ती गाडी वाफेवर चालत असतानाचा तिचा आवाज त्यांच्या कानांतून अजून गेलेला नाही. टाउइनहून सुटणारी टॅलिलिन रेल्वे ही बंद पडण्याच्या बेतात असताना स्वयंसेवकांनी हाती घेतलेली जगातील पहिली रेल्वे, आणि १९५१ पासून आजपर्यंत ती मुख्यतः त्यांच्याच श्रमांवर चालत आली आहे. पगारी माणसे आहेत, पण थोडी. गाडी हाकणारे, कोळसा टाकणारे, झेंडी दाखवणारे आणि रूळ बदलणारे बहुतेक सारे आपली रजा, आपला शनिवार-रविवार किंवा निवृत्तीनंतरचे दिवस देऊन येतात. मी स्वतः यंत्रांच्या देखभालीच्या कामात असल्यामुळे माझे कुतूहल बाबांपेक्षा थोडे वेगळे होते. ज्या कामात चूक झाली तर माणसे जायबंदी होऊ शकतात, ते काम हौसेने येणारी माणसे किती चोख करतात, हे मला डोळ्यांनी पाहायचे होते.

दिवसभर पाहून झाल्यावर माझे मत पक्के झाले, आणि ते आधीच सांगून टाकते : ही सेवा उत्तम आहे, आणि ती उत्तम असण्याचे कारण इंजिनांच्या वयापेक्षा ती चालवणाऱ्यांच्या शिस्तीत अधिक आहे.

बर्मिंगहॅमहून टाउइनला थेट गाडीने जाता येते. वेल्सच्या डोंगरांतून आणि मग खाडीच्या काठाकाठाने जाणारा तीन तासांच्या आसपासचा हा प्रवास स्वतःच सुंदर आहे. मखंटलेथ येथे गाडीचे दोन भाग होतात आणि एक अबरिस्टविथकडे, तर दुसरा किनाऱ्याने उत्तरेकडे निघतो, त्यामुळे आपण कोणत्या डब्यात बसलो आहोत हे चढतानाच विचारून घ्यावे. मुख्य मार्गाच्या टाउइन स्थानकापासून टॅलिलिनचे ‘वॉर्फ’ स्थानक पायी पाच मिनिटांवर आहे. बाबांच्या गुडघ्यांना तेवढे चालणे सहज जमले.

वॉर्फ म्हणजे धक्का. पूर्वी डोंगरातून आलेला पाटीचा दगड येथे उतरवून मोठ्या रेल्वेच्या वाघिणींत भरत असत. आज त्या जागी तिकीटघर, उपाहारगृह, दुकान आणि अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. संग्रहालय लहान असले तरी त्यातील मांडणी जाणत्या माणसांनी केली आहे हे जाणवते. थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे पाद्री विल्बर्ट ऑड्री यांनी १९५२ साली येथे स्वयंसेवक गार्ड म्हणून काम केले होते आणि या रेल्वेवरील प्रसंग पुढे त्यांच्या गोष्टींत उतरले. त्यांची लिहिण्याची खोलीही येथे जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी गाडीच्या वेळेआधी निदान पाऊण तास येथे राखून ठेवावा.

आता गाडीविषयी. या रेल्वेच्या दोन रुळांमधील अंतर २ फूट ३ इंच आहे, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानच्या मार्गापेक्षा तीन इंचांनी अधिक आणि शकुंतलेपेक्षा तेवढ्याच इंचांनी कमी. मार्गाची लांबी सव्वासात मैल. या रेल्वेचे सर्वांत जुने डबे १८६० च्या दशकातले आहेत आणि ते आजही प्रवासी नेतात. त्यांतील काही बर्मिंगहॅमच्या ब्राऊन मार्शल्स या कारखान्यात तयार झाले, ही गोष्ट बर्मिंगहॅमकर म्हणून मला विशेष वाटली. लाकूड जुने, पण सांधे घट्ट, रंगाचे थर एकसारखे, पितळी मुठी हाताला गुळगुळीत लागतात. मी बाकाखाली वाकून पाहिले, कारण झाडलोट करणारा माणूस मनापासून काम करतो की नाही हे तिथे कळते. तिथेही धूळ नव्हती.

डब्यात चढताना बाबांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी माझ्या आली नव्हती. दारे फक्त एका बाजूला आहेत. त्यांनी विचारले तेव्हा फलाटावरील गार्डने, जे निवृत्तीच्या वयाचे गृहस्थ होते, शांतपणे सगळी हकिकत सांगितली. १८६६ साली सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर मार्ग तपासायला आले, तेव्हा वाटेतील पुलांखाली डबा आणि भिंत यांच्यामधील जागा नियमापेक्षा कमी भरली; डबा मध्येच अडकला तर माणसांना दोन्हीकडून उतरता येणार नव्हते. पूल पाडून पुन्हा बांधणे परवडणारे नव्हते. मग एका बाजूची दारे कायमची बंद केली आणि पुलांखालचे रूळ थोडे सरकवून दुसऱ्या बाजूला पुरेशी जागा करून घेतली. तेव्हापासून या रेल्वेवरील डब्यांना एकाच अंगाने दारे असतात आणि फलाटही त्याच अंगाला असतात. दीडशे वर्षांपूर्वीची एक चूक आणि तिच्यावर काढलेला तोडगा आजही दर फेरीला वापरात आहे, आणि त्यामागचे कारण गार्डला तोंडपाठ आहे.

गाडीला गार्डचा जो जुना डबा जोडलेला असतो, त्याच्या बाजूला एक छोटी खिडकी आहे. वाटेतल्या थांब्यांवर तिकीटघरे नव्हती, तेव्हा गार्ड याच खिडकीतून तिकिटे देत असे. हे मी बाबांना मराठीत सांगत असतानाच ते हसू लागले. “अगं, आपल्या शकुंतलेत दुसरं काय होतं? गार्डच उतरायचा, गार्डच तिकीट द्यायचा, आणि मग तोच झेंडी दाखवायचा.” गार्डसाहेबांना मी याचा अर्थ सांगितला. त्यांनी शकुंतलेचे नाव दोनदा म्हणून घेतले आणि ती आता चालते का, असे विचारले. गेली काही वर्षे बंद आहे, असे उत्तर देणे बाबांना जड गेले.

या दोन गाड्यांचे नाते केवळ दिसण्यातले नाही, म्हणून थोडे इतिहासात जावेसे वाटते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस येईनासा झाला आणि मँचेस्टरच्या कापडगिरण्यांवर संकट आले. तेव्हा मॅककॉनेल या मँचेस्टरच्या गिरणीमालक घराण्याने आपला पैसा दुसऱ्या धंद्यात वळवायचे ठरवले आणि वेल्समधील ब्रिन एग्लुइस येथील पाटीच्या दगडाची खाण घेतली. खाणीतला माल किनाऱ्यापर्यंत आणण्यासाठी जी रेल्वे बांधली, ती ही टॅलिलिन. १८६५ साली पार्लमेंटने तिच्यासाठी कायदा केला आणि पुढच्याच वर्षी प्रवासी वाहतूकही सुरू झाली. त्याच कापूसटंचाईने वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तोच कापूस मुंबईकडे आणि तेथून मँचेस्टरकडे पोहोचवण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा मार्ग बांधला गेला. एका युद्धाने दोन खंडांत दोन अरुंद गाड्या जन्माला घातल्या, आणि त्यांतल्या एकीच्या बाकावर बसून, दुसरीने ये-जा करून शिकलेला माणूस माझ्या शेजारी खिडकीबाहेर पाहत होता.

आणखी एक साम्य आहे. १९४८ साली ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा त्या यादीत टॅलिलिनचे नाव नव्हते. आपल्याकडे १९५१ मध्ये रेल्वे सरकारकडे आली, तेव्हा शकुंतलेची मालकीही किलिक निक्सन या खासगी कंपनीकडेच राहिली. दोघी सरकारी छत्राबाहेर राहिल्या. पुढचा रस्ता मात्र वेगळा झाला.

टॅलिलिनचे त्या वेळचे मालक सर हेन्री हेडन जोन्स हे या भागाचे खासदार होते. त्यांनी १९११ साली खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या, आणि आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालत राहील असा शब्द दिला. १९४६ च्या अखेरीस खाण ढासळून बंद पडली. वाहून नेण्यासारखा माल उरला नाही, तरीही त्यांनी उन्हाळ्यात गाडी चालू ठेवून शब्द पाळला. जुलै १९५० मध्ये ते गेले. आता सगळे संपले असे वाटावे, अशी ती वेळ होती. पण लेखक आणि अभियंता असलेल्या टॉम रोल्ट यांनी त्याच्या आधीच वर्तमानपत्रातून या रेल्वेबद्दल लिहिले होते. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या इंपिरियल हॉटेलात जाहीर सभा भरली, तिच्यातून टॅलिलिन रेल्वे जतन संस्था उभी राहिली, आणि सर हेडन यांच्या पत्नीने रेल्वे त्या संस्थेच्या हाती सोपवली. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी वॉर्फहून सुटली. कुठल्याही देशात असे याआधी कोणी केले नव्हते.

त्या पहिल्या वर्षाची अवस्था वाचली की अंगावर काटा येतो. पाच डबे-वाघिणींची गाडी ओढायला धड चालणारे इंजिन एकच होते, १८६६ साली बांधलेले ‘डोलगोख’. रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजलेले, रुळांना पकडून ठेवणारे खिळे सैल, आणि गाडीचे वजन बऱ्याच ठिकाणी रुळांभोवती दाट वाढलेल्या गवताने व मातीनेच पेलले होते. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेकडून दोन इंजिने विकत घेतली. तिच्या रुळांचे माप हेच होते, आणि योगायोग असा की त्यांचे क्रमांक ३ आणि ४ होते, त्यामुळे टॅलिलिनच्या १ आणि २ या इंजिनांनंतर ते जसेच्या तसे लागले. पण क्रमांक ३ ला चालवायला काढताच ते रुळांच्या मध्ये घसरले. त्याच्या चाकांच्या धावा अरुंद होत्या आणि रूळ जागोजागी फाकलेले होते. मग मार्गच नव्याने घालावा लागला. आठवड्याच्या शेवटी शहरांतून आलेले कारकून, शिक्षक, कारखान्यातले कामगार आणि विद्यार्थी यांनी कुदळ-फावडे घेऊन एकेक तुकडा करत ते काम केले. ज्या रुळांवरून आज गाडी हेलकावा न खाता जाते, ते या माणसांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्या पिढ्यांच्या पाठीवर उभे आहेत, आणि प्रवासाचे तिकीट काढताना ही गोष्ट ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते.

आमच्या गाडीला ‘एडवर्ड थॉमस’ हे क्रमांक ४ चे इंजिन होते. स्टोक येथील केर स्टुअर्ट कारखान्यातले, १९२१ सालचे. बाबा तो आकडा ऐकून थबकले, कारण १९९४ पर्यंत शकुंतला ओढणारे झेडडी जातीचे इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले होते. त्यांनी इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवला, चटका बसेल म्हणून मी ओरडले, पण त्यांनी नेमकी पाण्याच्या टाकीची बाजू निवडली होती. ती कोमट होती.

वॉर्फ सुटले की पहिला थांबा पेन्ड्रे. येथे शेड आणि कार्यशाळा आहेत. गाडी हळू झाली, तेव्हा उघड्या दारातून आत एक बॉयलर चौकटीपासून वेगळा काढून ठेवलेला दिसला. ब्रिटनमध्ये अशा इंजिनांचे बॉयलर साधारणपणे दहा वर्षांनी पूर्ण उघडून, नळ्या काढून, पत्र्याची जाडी तपासून मगच पुन्हा वापरात आणता येतात, आणि या कामाला मोठा पैसा व त्याहून अधिक कसबी हात लागतात. रिव्हेट ठोकणे, नळीचे तोंड फुगवून बसवणे, पांढऱ्या धातूचे बेअरिंग ओतून खरवडून जुळवणे ही कामे आता कोणत्याही सामान्य कारखान्यात शिकायला मिळत नाहीत. मी ज्या क्षेत्रात काम करते, तिथे निम्म्या तंत्रज्ञांनी स्क्रेपर हातात धरलेला नसतो. पेन्ड्रेच्या शेडमध्ये मात्र ती विद्या एकाकडून दुसऱ्याकडे अजून जाते आहे.

पेन्ड्रेलाच आमच्या ड्रायव्हरने टोकन घेतले. मार्ग एकेरी आहे, त्यामुळे ठरावीक टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी यासाठी विजेच्या यंत्रातून निघणारे टोकन हातात आल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियम. एक टोकन बाहेर असेल तर त्या टप्प्याचे दुसरे टोकन यंत्र सोडतच नाही. आपल्याकडे ‘गोळा’ म्हणत ते हेच. पुढे ब्रिनग्लास येथे, जिथे दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडता येते, तिथल्या छोट्या खोलीतून एक मध्यमवयीन बाई बाहेर आल्या. त्यांनी आमचे टोकन घेतले, त्यावरील टप्प्याचे नाव मोठ्याने वाचले, ड्रायव्हरने ते परत उच्चारले, मग त्यांनी पुढचे टोकन दिले, त्याचेही नाव वाचले, आणि ड्रायव्हरने पुन्हा उच्चारले. दोघे एकमेकांना अनेक वर्षे ओळखत असावेत, कारण त्याआधी त्यांच्यात घरच्या गप्पा चालल्या होत्या. टोकन हातात येताच गप्पा थांबल्या. काम झाल्यावरच पुन्हा हसणे-बोलणे झाले. या एका मिनिटासाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण देईन. माझ्या नोकरीच्या ठिकाणी सुरक्षिततेच्या फलकांवर जे लिहिलेले असते, ते येथे कोणी पाहत नसतानाही पाळले जाते.

ब्रिनग्लासनंतर चढ जाणवू लागतो. दरीचा तळ खाली जातो, मेंढ्यांची कुरणे आणि दगडी कुंपणे मागे पडतात, आणि ओक वृक्षांच्या सावलीतून गाडी डोलगोखच्या तीन कमानींच्या विटांच्या पुलावर येते. पूल ओढ्यापासून सुमारे ५१ फूट उंच आहे. पलीकडे डोलगोख स्थानकावर इंजिन पाणी पिते, आणि तेवढ्या वेळात प्रवाशांना खाली उतरून जवळून पाहता येते. धबधबा येथून थोड्याच अंतरावर आहे. ज्यांच्याकडे दिवसभराचा वेळ आहे त्यांनी येथे उतरून पुढची गाडी पकडावी.

आम्ही उतरलो ते इंजिनासाठी. फायरमन तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी होती. पाण्याची सोंड टाकीच्या तोंडात सोडून ती खाली आली, चाकांच्या बेअरिंगवर हाताची पाठ टेकवत एका बाजूने चालत गेली, आणि एका ठिकाणी थांबून तिने तेलाच्या बुधल्याचे झाकण उघडून आत पाहिले. हाताची पाठ का, तर तळव्याची कातडी जाड असते आणि चटका बसला तर तळहात आपोआप मिटतो. मला हे माझ्या पहिल्या वर्षी एका जुन्या फोरमनने शिकवले होते. मी तिला विचारले, तुला कोणी शिकवले? ती म्हणाली की सफाईपासून सुरुवात केली, दोन उन्हाळे चिंध्या आणि रॉकेल घेऊन फक्त इंजिने पुसली, आणि पुसता पुसताच कोणता भाग कुठे तापतो, कुठे सैल होतो हे कळत गेले. मग आगीचे शिक्षण, नियमांची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली फेऱ्या. ड्रायव्हर व्हायला अजून काही वर्षे लागतील, असे ती म्हणाली, आणि त्यात तिला कसलीही घाई दिसली नाही. तिने आगपेटीचे दार उघडले तेव्हा आग पातळ आणि पसरट होती, कडांना थोडी जाड. छोट्या फावड्याने तिने चार वेळा कोळसा टाकला, प्रत्येक वेळी वेगळ्या कोपऱ्यात, आणि धूर क्षणभर काळा होऊन लगेच विरळ झाला. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, “ह्या पोरीचा हात साफ आहे.” शकुंतलेच्या फायरमनांविषयी बोलतानाही ते हेच शब्द वापरतात.

त्यानंतर अबरगनॉल्विन, आणि मग शेवटचे स्थानक नांट ग्वेर्नॉल. हा शेवटचा पाऊण मैल पूर्वी केवळ खाणीच्या वाघिणींसाठी होता. स्वयंसेवकांनी डोंगर फोडून वळणे रुंद केली आणि २२ मे १९७६ रोजी प्रवाशांसाठी तो खुला केला. नांट ग्वेर्नॉलला मोटाररस्ता नाही, फक्त पाऊलवाट आहे. येथून खाणीच्या दिशेने जुन्या उताराच्या कडेने चढत जाता येते. गुडघे धड असणाऱ्यांनी जरूर जावे. खाण, अबरगनॉल्विन हे खेडे आणि ही रेल्वे या सगळ्यांचा २०२१ पासून वायव्य वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या प्रदेशासह जागतिक वारसा यादीत समावेश आहे.

परतीच्या वाटेवर इंजिन उलटे तोंड करून गाडी ओढते, कारण ते फिरवण्याची सोय नाही. अबरगनॉल्विनला गाडी चहापाण्यासाठी बराच वेळ थांबते. आम्ही घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती फलाटावरच्या बाकावर बसून खाल्ली.

ज्यांना ही सहल मानवणार नाही, त्यांच्यासाठीही चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. जाऊन येऊन अडीच तासांच्या आसपास लागतात आणि गाडीचा वेग सायकलस्वाराइतका आहे, त्यामुळे एका दिवसात चार ठिकाणे पाहणाऱ्यांनी येथे येऊ नये. जुन्या डब्यांची बाके अरुंद आणि ताठ पाठीची आहेत. पाठदुखी असणाऱ्यांनी उशी न्यावी, आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांनी योग्य डबा मिळावा म्हणून आधी कळवावे. इंजिनाच्या लगतच्या डब्यात बसाल तर कोळशाचे कण अंगावर येतील. माझ्या पांढऱ्या ओढणीवर ते आले आणि दोनदा धुऊनही गेले नाहीत. किनाऱ्यावर ऊन असले तरी वरच्या दरीत पाऊस असू शकतो. हिवाळ्यात फेऱ्या फार थोड्या असतात, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहणे अपरिहार्य आहे. तिकीट स्वस्त नाही. पण ते पैसे कुठे जातात हे शेडच्या उघड्या दारातून दिसते, आणि तरीही तिकिटांच्या पैशावर सगळे भागत नाही. सभासदांची वर्गणी, देणग्या आणि मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमा यांच्यावर बराच भार आहे.

कोळशाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. अशा इंजिनांना धूर कमी आणि उष्णता अधिक देणारा वेल्सचा कोळसा मानवत असे. फॉस-इ-फ्रान ही तिथली मोठी उघडी खाण नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली, आणि तेव्हापासून ब्रिटनच्या वारसा रेल्वेंना दूरदेशीचा कोळसा किंवा भुकटीपासून दाबून केलेल्या गोळ्यांचे इंधन वापरून पाहावे लागत आहे. इंधन बदलले की आगीची जाडी, हवेचे प्रमाण, राख काढण्याची वेळ, सगळेच बदलते, म्हणजे फायरमनला नव्याने शिकावे लागते. कोळसा जाळूच नये असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी समजू शकते. पण दिवसाकाठी मोजक्या फेऱ्या करणाऱ्या या लहान इंजिनांमुळे जे ज्ञान टिकते, त्याचे मोल मला त्या धुरापेक्षा फार अधिक वाटते.

उत्तरेकडील फेस्टिनियोग रेल्वे याहून लांब आहे, तिचे डोंगर उंच आहेत, गाड्या मोठ्या आहेत, आणि ज्यांना एकच गाडी पाहायची आहे त्यांना बहुतेक जण तीच सुचवतील. देखावाच हवा असेल तर मीही तीच सुचवीन. पण काम करणारी माणसे इतक्या जवळून पाहता येणे, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला कामातला माणूस उत्तर देणे, हे मला टॅलिलिनला मिळाले. बाबांना इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, पण वॉर्फला उतरल्यावर त्यांनी स्वतःहून ड्रायव्हरपाशी जाऊन हात पुढे केला आणि “व्हेरी गुड फायर” एवढे तीन शब्द म्हटले. ड्रायव्हरने फायरमन मुलीकडे बोट दाखवले. मग बाबांनी तिलाही हात जोडले.

परतीच्या प्रवासात ते बराच वेळ गप्प होते. मूर्तिजापूरच्या शेडमध्ये काम केलेली किती माणसे अजून हयात असतील, याचा ते बोटांवर हिशोब करत होते. शकुंतला पुन्हा धावावी ही मागणी आपल्याकडे लोकांनी लावून धरली आहे, आणि निर्णय सरकारदरबारी व्हायचा आहे. पण त्या मार्गावरची विद्या ज्यांच्या हातात होती, त्यांना आताच भेटून, त्यांचे बोलणे टिपून ठेवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. दारव्ह्याला परत गेल्यावर बाबांनी तीन जणांना गाठले. त्यांतले एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत आणि झेडडीच्या आगीविषयी त्यांनी सांगितलेले बाबा वहीत उतरवून घेत आहेत.

मी टॅलिलिनच्या जतन संस्थेची सभासद झाले आहे आणि मार्गदुरुस्तीच्या एका आठवड्यासाठी नाव दिले आहे. स्लीपर बदलण्याचे काम असणार, असे त्यांनी कळवले आहे. पोलादी टोपणाचे बूट स्वतःचे आणावेत, बाकी अवजारे तिथे मिळतील.